‘अर्जंट आहे’ म्हणणाऱ्याला आधी काय विचारायचं

१९ तारीख होती, संध्याकाळचे सव्वासहा. मी ऐरोली स्टेशनच्या जिन्यावर होते आणि इकडे आमच्या बिलिंग सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत सेल्समधल्या एकाने माझ्या टीममधल्या मुलाला थेट फोन लावला. एका मोठ्या ग्राहकाच्या बिलात आणि त्याच्या टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एका रुपयाचा फरक येत होता. "अर्जंट आहे रे, साहेब तापलेत, एवढं करून टाक." मुलगा हुशार, हाताला वेग. राउंड-ऑफ (पैसे पूर्ण रुपयात बसवणं) प्रत्येक ओळीवर होत होता, तो त्याने एकूण रकमेवर नेला, सात वाजता प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सॉफ्टवेअरवर, चढवला आणि घरी गेला. ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले.

दुसऱ्या दिवशी २० तारीख. दर महिन्याला जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांची ३बीची (महिन्याच्या कराच्या गोषवाऱ्याची) शेवटची तारीख. आमचं सॉफ्टवेअर जुनं बिल उघडलं की रकमा नव्याने मोजायचं (हे आमचंच जुनं पाप). त्यामुळे महिनाभराच्या बिलांचे आकडे रुपया-दोन रुपयांनी हलले, ११ तारखेला भरलेल्या आर-१शी (विक्रीच्या तपशिलाच्या रिटर्नशी) ३बीचा रिपोर्ट जुळेना आणि साडेनऊपासून सगळ्या ग्राहकांच्या अकाउंटंटचे फोन सुरू झाले. बदल मागे घ्यायला वीस मिनिटं लागली, लोकांची समजूत काढायला तीन दिवस.

मी त्या मुलाला काही बोलले नाही. तो फोन त्याच्यापर्यंत पोचला ही चूक माझी होती. आमची कंपनी छोटी, माझी टीम सात जणांची. सहा वर्षं लीड आहे, त्यातली पहिली तीन मी ‘अर्जंट’ शब्द ऐकला की धावत होते. आता काय करते ते सांगते.

सगळ्यात आधी दार एक करा. आमच्याकडे दर आठवड्याला एकाची ‘ड्युटी’ असते. कुठलंही तातडीचं काम त्याच्याकडेच येतं, मग ते सेल्सचं असो, सपोर्टचं असो की वरच्या साहेबांचं. बाकी सहा जणांना फोन आला तर त्यांनी एकच वाक्य बोलायचं: "ड्युटीवर अमुक आहे, त्याच्याशी बोला, मी हातातलं सोडलं तर तुमचंच दुसरं काम रखडेल." ऐकायला सोपं वाटतं. रुळायला दोन महिने लागले. मधल्या काळात सेल्सवाला गुपचूप डेव्हलपरच्या टेबलावर वडापाव ठेवून काम करून घेत होता. वडापावाला नाही म्हणणं किती अवघड असतं ते मला कळतं, म्हणून मी ड्युटीवाल्यालाच सांगितलं, वडापाव घ्यायचा आणि टिकेटही (कामाची लेखी नोंद) घ्यायचं.

ड्युटीवाल्याने पुढे काय करायचं हे मी माझ्या मावशीकडून उचललंय. ती नौपाड्यात ब्लाऊज शिवायची. लग्नसराईत दुकानात येणारी प्रत्येक बाई अर्जंटच म्हणायची. ‘किती अर्जंट?’ हे मावशीने कधी विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर ‘खूप’ हेच असतं. ती विचारायची, "नेसणार कधी?" हळदीला की लग्नाला की नंतरच्या पूजेला? पूजेला म्हटलं की चिठ्ठी मागच्या खिळ्यावर. बाईला राग येत नसे, कारण तिने स्वतःच्याच तोंडाने तारीख सांगितलेली असे.

आमच्याकडे त्याचं रूप असं: "हे उद्या अकराला दिलं तर कुणाचं काय अडेल?" प्रश्न असाच्या असा विचारा. ‘आजच हवंय का’ असं विचारलंत तर ‘हो’ येणार. ‘कुणाचं काय अडेल’ म्हटलं की माणूस क्षणभर थांबतो. "साहेब विचारतायत" असं उत्तर आलं तर अजून कुणाचंच अडलेलं नाही, साहेबांना वेळ सांगितली की पुरतं. "डेमो आहे" आलं तर डेमो किती वाजता आणि त्यात हा स्क्रीन दाखवणार आहेत का, हे विचारायचं. अर्ध्या वेळा तो स्क्रीन दाखवायचाच नसतो. आणि "ट्रक उभा आहे" असं उत्तर आलं तर बाकी सगळं खाली ठेवायचं.

ट्रकचं मी उगाच म्हणत नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारातला आमचा एक जुना ग्राहक आहे. त्याचा एकदा दुपारी तीन ओळींचा मेल आला: ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा परवाना) निघत नाहीये, सवडीने पाहावे, आभारी आहे. त्याच वेळी दुसरा एक ग्राहक लोगो धूसर छापला जातो म्हणून फोनवर ओरडत होता. आम्ही लोगो धरला. संध्याकाळी कळलं की कळंबोलीत माल भरलेल्या दोन गाड्या दुपारपासून उभ्या होत्या. पन्नास हजारांच्या वरचा माल ई-वे बिलाशिवाय राज्याबाहेर नेता येत नाही, ड्रायव्हर गाडीखाली सावलीत झोपलेले. ग्राहक सभ्य होता म्हणून मागे पडला. तेव्हापासून आवाज किती चढलाय हे मी मोजत नाही, आणि टिकेट न वाचता मागे टाकायला कुणालाच परवानगी नाही.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट हातून सुटली, तिची मला जास्त लाज वाटते. ई-वे बिल सरकारी पोर्टलवर हातानेही काढता येतं. सपोर्टच्या कुणीतरी फोनवर बसून त्यांच्याकडून भरून घेतलं असतं तर वीस मिनिटांत गाड्या निघाल्या असत्या, आणि आम्ही आमचा बग रात्री शांतपणे पाहिला असता. म्हणून आता ड्युटीवाल्याचा दुसरा प्रश्न हाच: आज त्यांचं काम दुसऱ्या कुठल्या वाटेने निघेल का? कोड दुरुस्त करणं आणि माणसाची अडचण सोडवणं ही दोन कामं आहेत. डेव्हलपरला पहिलं आवडतं. ग्राहकाला दुसऱ्याची घाई असते.

काही गोष्टींना प्रश्न विचारत बसायचं नाही. डेटा बाहेर जातोय, पैशाचा आकडा चुकतोय, सुरक्षेला भोक पडलंय: हातातलं सोडा, मला रात्री दोनलाही उठवा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोडमधल्या भोकाचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा आम्ही ‘हातातला कामाचा टप्पा (स्प्रिंट) संपल्यावर बघू’ म्हटलं असतं तर वेडेपणा झाला असता. शिवाय २०२२ मधल्या सर्ट-इनच्या (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) आदेशानुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवाव्या लागतात. तो मेल कोण लिहिणार आणि कोणाला पाठवणार, हे कागदावर आधीच असू द्या. त्या वेळी शोधायला गेलात तर सहातले दोन तास त्यातच जातात.

आता साहेबांचं. वरून अर्जंट आलं की नव्या लीडला वाटतं, एक तर मान डोलवायची नाहीतर भांडायचं. दोन्ही नको. मी म्हणते, "सर, घेते. दोन जणांचे दोन दिवस जातील. मग शुक्रवारी द्यायचं ठरलेलं स्टॉक रिपोर्टचं काम मंगळवारी जाईल. चालेल का, की दुसरं काही मागे टाकू?" आणि हेच मेलवर लिहून टाकते, प्रॉडक्ट मॅनेजरला सोबत ठेवून. कुठलं काम मागे पडणार त्याचं नाव घ्यायलाच हवं. नुसतं ‘बाकीच्या कामावर परिणाम होईल’ म्हटलं तर कुणाच्याच डोळ्यांसमोर काही येत नाही. एकदा साहेब स्टॉक रिपोर्टचं नाव ऐकून पाच सेकंद गप्प बसले आणि म्हणाले, "असू दे मग, सोमवारी बघू." कुणीही कुणाला नकार दिला नव्हता.

हे सगळं करूनही टीम गळ्यापर्यंत भरलेली असेल तर उपयोग नाही. रांगेचं एक साधं गणित आहे. कामं लहानमोठी असतील, आपापल्या वेळी, कशीही येत असतील आणि ती करणारा एकच असेल, तर तो ८० टक्के वेळ गुंतलेला असताना नव्या कामाला सरासरी चार कामांइतका वेळ रांगेत थांबावं लागतं. तो ९० टक्के गुंतला की नऊ. ९५ला एकोणीस. साहेबांना ८०चे फक्त ९० झालेले दिसतात, ग्राहकाला दुपटीहून जास्त वाट. म्हणून दोन आठवड्यांचे माझ्याकडे सत्तर मनुष्यदिवस असले तरी मी बावन्नचंच काम घेते. उरलेले अठरा मोकळे कधीच राहत नाहीत. येतंच काहीतरी.

आणि बरंचसं अर्जंट मुळात अचानक नसतंच. भिंतीवर कॅलेंडर लावा, त्यावर ११ आणि २०ला लाल गोल, मार्चअखेरीला मोठा गोल. आमच्याकडे ९ ते २०च्या मध्ये रकमांना हात लावणारा कुठलाही बदल चढत नाही. ई-इनव्हॉइसची (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलांची) उलाढालीची मर्यादा पाच कोटींवर आली ती १ ऑगस्ट २०२३ पासून, पण अधिसूचना १० मेची होती. आमच्याकडे सेल्सकडून ‘अर्जंट’ म्हणून ती आली जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. अडीच महिने ते काम कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये झोपलं होतं. आता अधिसूचना वाचायचं काम एका टेस्टरने आवडीने घेतलंय; ती सीएची आर्टिकलशिप अर्धी सोडून आलेली आहे.

घाईत चढवायच्या बदलाला आमचे मोजके नियम आहेत. दुसऱ्याने पाहिल्याशिवाय नाही, तो दुसरा कितीही ज्युनिअर असो. मागे कसं घ्यायचं ते आधी करून पाहिल्याशिवाय नाही. आणि चढवणाऱ्याने त्यानंतर तासभर जागेवर राहायचं, म्हणजेच निघायच्या वेळी चढवायचं नाही. नवी मुलं कुरकुरली की मी त्यांना १ ऑगस्ट २०१२ची नाइट कॅपिटलची गोष्ट सांगते. शेअरबाजारात सौदे करणारी अमेरिकन कंपनी, नवा कोड आठ सर्व्हरपैकी सातांवरच चढला, आठव्यावर जुना तसाच राहिला. पाऊण तासात चव्वेचाळीस कोटी डॉलरच्या घरात नुकसान. ‘कुणीतरी मोजून पाहायला हवं होतं ना, आठ झाले का’ एवढंच मी म्हणते.

काम कोणाला द्यायचं? मोह होतो त्या वेगवान मुलालाच द्यायचा. तीन वेळा दिलंत की चौथ्यांदा लोक त्यालाच शोधत येतात, आणि गणपतीत तो आठ दिवस गुहागरला गेला की तुम्ही उघडे. आमच्यात आता तो शेजारी बसतो, कीबोर्ड दुसऱ्याकडे. पहिले काही महिने त्याचे हात शिवशिवायचे, ते दिसायचं.

काम चालू असताना मागणाऱ्याला वेळ सांगा आणि ती पाळा. "साडेचारला कळवते" म्हटलं तर साडेचारला कळवा, ‘अजून सापडलं नाही, पुढचं सहाला’ एवढं असलं तरी. हे केलं की दर दहा मिनिटांनी येणारे फोन थांबतात.

शेवटी वही. खरं तर शीट आहे, पण आम्ही वहीच म्हणतो. कोणी मागितलं, काय अडलं असतं, खरंच काय अडलं, किती वेळ गेला. पहिल्या तीन महिन्यांत ४१ नोंदी झाल्या. त्याच दिवशी केलं नसतं तर खरोखर कुणाचं अडलं असतं अशा निघाल्या नऊ. ती वही घेऊन मी सेल्सच्या मीटिंगला गेले, कुणाचंही नाव न घेता नुसता तिसरा रकाना वाचला. हसले सगळे, तो वडापाववाला सगळ्यात मोठ्याने.

परवा त्याचा फोन आला. मी ठाण्याच्या लोकलमध्ये, दिघा गाव जेमतेम मागे पडलेलं. म्हणाला, "मॅडम, ट्रक उभा नाहीये. सोमवारी दुपारी दोनला दाखवायचंय. ड्युटीवर कोण आहे?"