युनिकोच्या वळणाचं शिंगरू: पेन्सिलीपासून दुडक्या चालीपर्यंत

युनिको काढायला बसलं की हात आधी शिंगाकडे जातो आणि चित्र तिथंच फसतं. शिंग हा त्याच्या अंगावरचा सगळ्यात छोटा भाग. जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुका यांनी रचलेलं हे पात्र आधी शिंगरू आहे आणि मग एकशिंगी (युनिकॉर्न). शिंगावर बोट ठेवून झाकलं, तरी खालचं जनावर कुणीतरी उचलून घ्यावं असं दिसायला हवं. ते तसं दिसत नसेल तर शिंग लावून काही सुधारत नाही.

थोडी पार्श्वभूमी लागेल, कारण तिचा चित्राशी थेट संबंध आहे. युनिको १९७६ ते १९७९ या काळात सानरिओ कंपनीच्या ‘लिरिका’ मासिकात येत होता. १९८१ आणि १९८३ मध्ये त्याचे दोन अ‍ॅनिमेशनपट आले, ते मॅडहाउस स्टुडिओनं केले. कथेचा गाभा असा: युनिको सायकी नावाच्या मुलीचा लाडका. वीनस देवीला सायकीचा मत्सर वाटतो, म्हणून ती पश्चिमवाऱ्याला सांगून युनिकोला दूरच्या काळात, दूरच्या जागी सोडायला लावते. मागचं त्याला काही आठवत नाही. जिथं कुणी त्याच्यावर माया करतं तिथंच त्याची जादू चालते, आणि ओळख जुळते न जुळते तोच वारा त्याला पुन्हा उचलून नेतो. म्हणजे चित्रकाराला दोन गोष्टी जमायला हव्यात: एकटं पडलेलं गोंडस शिंगरू, आणि माया मिळाल्यावर होणारा मोठा, पंखवाला एकशिंगी.

खालची मापं सरावासाठी बांधलेली आहेत. तेझुकांच्या स्टुडिओचा तक्ता म्हणून ती घेऊ नका.

सामान

कागद गुळगुळीत हवा. ब्रिस्टॉल किंवा २०० जीएसएमच्या वरचा, दाणा नसलेला कार्ट्रिज. जलरंगाचा खरबरीत कागद इथं उपयोगाचा नाही. टाकाचं टोक त्याच्या तंतूत अडकतं आणि सुटताना शाईचा शिंतोडा उडतो. पेन्सिल एचबी किंवा त्याहून कडक, कारण टू-बीचं शिसं शाईखाली पसरून रेघ मळकी करतं.

रेषेसाठी मांगा (जपानी चित्रकथा) काढणारे परंपरेनं टाक वापरत आले आहेत. बाह्यरेषेला जी-पेन नावाचं निब (दाबलं की रेघ जाड, सोडलं की बारीक) आणि पापण्या-केसांना मारू-पेन नावाचं त्याहून नाजूक निब. टाक नसेल तर ०.३ आणि ०.५ मिलिमीटरची वॉटरप्रूफ फाइनलायनर पेनं चालतात, फक्त रेषेतला जाड-बारीकपणा दोनदा गिरवून आणावा लागतो. शाई वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकच घ्या. फाउंटन पेनची साधी शाई रंगाचं पाणी लागताच वाहते. उलट ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात भरली तर पेन कायमचं बसतं. कॅम्लिनची बाटली कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. जाता जाता: दांडेकरांनी १९३१ साली हा धंदा सुरू केला तो ‘हॉर्स ब्रँड’ शाईनं, आणि २०११ पासून कंपनीचा मोठा वाटा जपानच्या कोकुयोकडे आहे. घोडा काढायला याहून योग्य दौत कुठली!

आणि एक बांगडी. ‘दोन-सहा’ मापाच्या बांगडीचा आतला व्यास जवळपास ६ सेंटिमीटर असतो, आणि आपल्या शिंगराचं डोकं तेवढंच आहे.

सांगाडा

ए-फोर कागद उभा धरा. खाली जमिनीची हलकी रेघ मारा. तिच्यापासून ३ सेंटिमीटर वर पोट सुरू होतं. तिथं साडेपाच सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर उंच असा आडवा लंबगोल म्हणजे धड. आता बांगडी ठेवून डोक्याचं वर्तुळ काढा, धडाच्या पुढच्या टोकावर, दोन्ही आकार साधारण १ सेंटिमीटर एकमेकांवर येतील असं. जमिनीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत १२ सेंटिमीटर झाले, म्हणजे पुरती दोन डोकी उंची. खऱ्या घोड्याची खांद्यापाशी उंचीच सुमारे अडीच डोकी असते आणि मान त्याच्या वर. आपण ते सगळं दाबून दोन डोक्यांत बसवलंय, त्यातून बाळसं येतं.

मान वेगळी काढू नका. डोकं आणि धड जिथं एकमेकांवर येतात तिथं गळ्याची एक छोटी वळणदार रेघ पुरते. मान लांबली की शिंगराचं हरीण होतं.

चेहरा तीन-चतुर्थांश वळलेला घ्या. समोरून काढला तर तोंडाचा पुढे आलेला भाग दिसत नाही आणि चेहरा मांजरीचा वाटतो. वर्तुळावर दोन वाकलेल्या रेघा मारा: एक उभी मध्यरेघ, वळलेल्या बाजूला सरकलेली, आणि एक आडवी, वर्तुळाच्या मध्याच्या किंचित खाली. तोंडाचा उंचवटा खालच्या तिसऱ्या भागात, अडीच सेंटिमीटर रुंद, वर्तुळाच्या बाहेर जेमतेम १ सेंटिमीटर. याहून जास्त बाहेर गेला तर वय वाढतं. नाकपुडी म्हणजे एक ठिपका. ओठ काढायचे नाहीत.

पायांत सगळ्यात जास्त गडबड होते. असे गुबगुबीत पाय नळीसारखे दिसतात, पण आतली घडण घोड्याचीच राहायला हवी. पुढच्या पायाचा गुडघा पुढे वाकतो, मागच्या पायाचा सांधा मागे टोक काढून असतो. ३ सेंटिमीटरच्या पायात हा सांधा नेमका मधोमध येतो. रेघेला तिथं नुसता हलका बाक द्या. तो बाक न देता सरळ नळ्या काढल्या की टेबलाचे पाय होतात, आणि चारही पायांना एकाच दिशेला बाक दिला की कुत्र्याचं पिल्लू. पाय खुराकडे किंचित रुंदावत न्या, म्हणजे शिंगरू जमिनीवर उभं राहिल्यासारखं वाटतं. पलीकडचे दोन पाय २ ते ३ मिलिमीटर वर टेकवा. चारही खूर एकाच रेघेवर आले की चित्र कापून चिकटवल्यासारखं सपाट पडतं.

डोळे, कान, शिंग

जवळचा डोळा २ सेंटिमीटर उंच, सव्वा सेंटिमीटर रुंद. पलीकडचा तेवढाच उंच, पण १ सेंटिमीटर रुंद. दोन्ही आडव्या रेघेला वरून टेकणार नाहीत, रेघ त्यांच्या वरच्या तिसऱ्या भागातून जाईल. डोळे खाली आले की कपाळ मोठं होतं, आणि पिल्लाच्या चेहऱ्याला मोठं कपाळ हवंच. आतली चमक दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला ठेवा. डावीकडच्या डोळ्यात डावीकडे आणि उजवीकडच्या डोळ्यात उजवीकडे चमक काढली तर नजर फुटते आणि शिंगरू तिरळं दिसतं. चमकेची जागा आधी पेन्सिलीनं आखून कोरी ठेवा. नंतर पांढऱ्या रंगानं दिलेली चमक काळ्या शाईवर राखाडी पडते.

भाव दाखवायला भुवयांपेक्षा कान जास्त उपयोगी. खऱ्या घोड्याचे कान पुढे वळले म्हणजे कुतूहल, बाजूला सैल पडले म्हणजे थकवा किंवा उदासी, मागे चिकटले म्हणजे राग. युनिकोसारखं पात्र बहुतेक वेळा पहिल्या दोन अवस्थांमध्येच असतं. नव्या जागी उतरलेलं, काहीच न आठवणारं शिंगरू काढायचं असेल तर एक कान पुढे आणि एक सैल बाजूला ठेवा, डोकं दहा-पंधरा अंश कलवा. बस. त्यावर अश्रूचा मोठा थेंब काढला तर भाव स्वस्त होतो.

आता शिंग. बुंधा मध्यरेघेवर, डोळ्यांच्या वरच्या कडेपासून साधारण १ सेंटिमीटर वर. बुंध्याची रुंदी ६ मिलिमीटर, लांबी अडीच सेंटिमीटर. माथ्यावर लावलं तर वाढदिवसाची टोपी होते, खाली सरकलं तर गेंडा. डोकं कललं की शिंगही तितकंच कलायला हवं, कारण ते हाडात रोवलेलं आहे. पुष्कळ जण डोकं कलवतात आणि शिंग मात्र उभंच ठेवतात. शिंग कानाच्या दीडपटीपेक्षा लांब होऊ देऊ नका, ते हत्यार वाटायला लागतं. पीळ दाखवायचा असेल तर तीन वाकड्या रेघा पुरेत.

आयाळ आणि शेपूट

केस केस काढू नका. आयाळ म्हणजे तीन बंद आकार: कपाळावर येणारी झुलपं, गालाच्या बाजूला पडणारा झुबका, आणि मानेमागचा. तिन्ही आकार कानांमधून सुरू होतात आणि प्रत्येकाचं टोक वळून आत येतं. कपाळावरच्या झुलपांनी शिंगाचा बुंधा थोडा झाकला पाहिजे. नाही तर शिंग वरून चिकटवल्यासारखं दिसतं. प्रत्येक आकारात फार तर दोन आतल्या रेघा. शेपूट पाठीच्या टोकाशी, वरच्या बाजूला सुरू करा, आणि आकारमान धडाच्या निम्मं तरी ठेवा. मागे काही वजन नसेल तर एवढ्या मोठ्या डोक्याचं शिंगरू तोंडावर पडेल असं वाटतं.

शाई

नव्या निबावर तेलाचा थर असतो. साबणाच्या पाण्यात बुडवून पुसला नाही तर शाई थेंबाथेंबानं गळते. निब अर्ध्यापर्यंतच बुडवा आणि दौतीच्या काठाला एक बाजू पुसा. रेघ नेहमी आपल्याकडे ओढायची. पुढे ढकलली की टोक कागदात रुततं. हात वळत नसेल तिथं कागद वळवा. पोटाखाली, हनुवटीखाली आणि खुराच्या तळाशी रेघ जाड, पाठीवर आणि कपाळावर बारीक. खोडरबर लगेच फिरवू नका. बोटाला कोरडी लागलेली शाई आतून ओली असते. दोन-तीन तास द्या.

रंग

‘लिरिका’ रंगीत छापलं जायचं, आणि युनिकोची रचना त्या रंगावरच उभी आहे: फिकट पांढरं अंग, गुलाबी-लालसर आयाळ. काळ्या-पांढऱ्यात काढताना हा आधार निघून जातो. तेव्हा आयाळीत टोन (ठिपक्यांची राखाडी छटा) किंवा दाट रेघा भराव्याच लागतात, नाही तर सगळंच पांढरं पडतं.

जलरंगात पांढरं अंग म्हणजे कोरा कागद. सावलीला कोबाल्ट निळा, चमचाभर पाण्यात ब्रशच्या टोकावर मावेल इतकाच. तो पोट, हनुवटीखालची जागा आणि पलीकडचे पाय एवढ्याच ठिकाणी द्या. काळा मिसळून केलेली राखाडी सावली अंग मळल्यासारखी दिसते. आयाळीला आधी क्रिमसनचा पातळ हात, वळणांवर कोरी पट्टी सोडून. तो पूर्ण वाळल्यावर दुसरा, किंचित शेंदरी मिसळलेला, आकारांच्या मुळाशी. पावसाळ्यात मुंबई-कोकणात पहिला हात वाळायला अर्धा तासही लागतो. बोटाची मागची बाजू टेकवून गार लागला तर थांबा, कारण ओल्या निळ्या सावलीला गुलाबी लागला की तो गालभर पसरतो आणि परत निघत नाही. पार्श्वभूमीला काहीतरी फिकट रंग द्याच. पांढऱ्या कागदावर पांढरं शिंगरू नुसत्या रेघेवर तरत नाही. पोस्टर कलर टाळा, त्याखाली तुमची रेघच झाकली जाते.

पंखवालं रूप

इथं शिंगरू ताणून मोठं करू नका. नव्यानं बांधा. धडाची लांबी अडीच डोकी, खांद्यापाशी उंची अडीच डोकी, मान सुमारे दीड. सांधे आता स्पष्ट दाखवा. पंखांची मुळं खांद्याच्या पात्याच्या लगेच मागे असतात. कमरेवर लावले तर उडताना पुढचं अंग लोंबकळेल, हे पाहणाऱ्याला कारण न कळताही खटकतं. पिसांचे तीन थर ठेवा: मुळाशी बारीक, मधे मध्यम, कडेला लांब. आयाळीचा रंग, झुलपांचं वळण आणि डोळ्यांचा आकार मात्र तोच राहू द्या. तेवढ्यावरच वाचक ओळखतो की हा तोच.

चालवायचं असेल तर

शिंगराला दुडकी चाल शोभते. दुडकीत कर्णातले पाय जोडीनं पडतात, म्हणजे डावा पुढचा आणि उजवा मागचा एकत्र, मग उलट. साध्या चालीत क्रम वेगळा: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. हे दोन क्रम एकमेकांत मिसळले की पाय अडखळतात.

आठ चित्रं पुरतात. पहिल्यात एक जोडी टेकते, दुसऱ्यात अंग सर्वांत खाली, तिसऱ्यात रेटा, चौथ्यात चारही पाय हवेत आणि अंग सर्वांत वर. पाच ते आठ तेच, दुसऱ्या जोडीनं. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) धरून प्रत्येक चित्र दोन चौकटी ठेवलं तर फेरा १६ चौकटींचा, म्हणजे दोन-तृतीयांश सेकंदाचा होतो. प्रत्येक चित्र तीन चौकटी ठेवून काम वाचवता येतं, पण फेरा एक सेकंदाचा होतो आणि शिंगरू दमल्यासारखं चालतं. ६ सेंटिमीटरच्या डोक्याला वरखाली ४ मिलिमीटर हालचाल भरपूर. आयाळ अंगाच्या एक चित्र मागे, शेपूट दोन चित्रं मागे. सगळं एकाच वेळी वर-खाली झालं तर रबरी खेळणं उड्या मारतंय असं दिसतं. डोकं प्रत्येक चित्रात त्याच बांगडीनं काढा. अर्धा मिलिमीटरचा फरकही पडद्यावर धडधडतो.

चित्रपट्टी करणार असाल तर एक सोय आयती आहे. बहुतेक मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, युनिकोची मांडणी मात्र डावीकडून उजवीकडे होती. म्हणजे मराठी वाचकासाठी चौकटी उलटवायची गरज नाही. शिंगरू पुढे जाताना उजवीकडे चालू द्या आणि वारा त्याला परत नेतो ती चौकट डावीकडे ओढा.

सराव म्हणून युनिको काढा, शिकवा, भिंतीवर लावा. छापून विकायचं असेल तर स्वतःचं शिंगरू रचा, नाही तर परवानगी घ्या. तेझुका १९८९ मध्ये गेले. भारतीय कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं धरली तर २०४९ च्या अखेरपर्यंत, आणि जपानच्या ७० वर्षांनी २०५९ च्या अखेरपर्यंत मूळ मांगाचे हक्क सुरक्षित आहेत.