भित्तिपत्रकाचे वर्ष कसे तपासावे : काळाराम सत्याग्रहावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहावर वर्षभर भित्तिपत्रक चालवणाऱ्या विद्यार्थी-मंडळाने परीक्षा संपल्यावर, सगळे आपापल्या गावी जाण्यापूर्वी, दोन दुपारी राखून ठेवाव्यात आणि वर्षभरातले सर्व अंक एकत्र वाचावेत. हे वाचन कौतुकासाठी नसावे. चळवळीतले आपण काय लिहिले, काय सुटले आणि कशाच्या आधारावर लिहिले, एवढेच त्यात पाहायचे असते. यासाठी अंक शाबूत हवेत, म्हणून ते फलकावर खळीने चिकटवण्याऐवजी टाचण्यांनी लावण्याची सवय आरंभापासूनच असलेली बरी.

पहिले काम तारखांचे. एका मोठ्या कागदावर 1930 ते 1935 अशी सहा वर्षे आडवी मांडावीत आणि प्रत्येक लेख ज्या दिवसाविषयी आहे, त्या जागी एक खूण करावी. बहुतेक खुणा 2 मार्च 1930 या एकाच दिवसाभोवती गोळा झालेल्या दिसतील, कारण आपले लेखन जयंती, पुण्यतिथी आणि वर्धापनदिनाच्या ओढीने होते. प्रत्यक्षात हा लढा काही वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 3 मार्च 1934 रोजी सत्याग्रहाचे नाशिकमधील नेते दादासाहेब गायकवाड यांना पत्र लिहून तो थांबवावा असे मत कळवले, आणि 13 ऑक्टोबर 1935 रोजी नाशिक जिल्ह्यातच, येवल्याच्या परिषदेत, धर्मांतराची घोषणा झाली. सत्याग्रह 1934 ला संपला की 1935 ला, असा वाद मंडळात निघाल्यास एक साल निवडून दुसरे खोडू नये. पत्र आणि परिषद या दोन्ही घटना तारखांसह द्याव्यात. कागदावर जी वर्षे मोकळी राहतील, ती पुढच्या वर्षाची विषयपत्रिका समजावी. स्थानिक कार्यकर्त्यांनी लढा टिकवला तो याच मोकळ्या दिसणाऱ्या वर्षांत, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांनी सर्वांत जास्त लिहायला हवे ते याच काळाविषयी.

त्यानंतर वाक्ये तपासावीत. तीन रंगांच्या पेन्सिली घ्याव्यात : कागदपत्रांवरून आलेल्या विधानाखाली एक रंग, कोणाकडून ऐकलेल्या विधानाखाली दुसरा आणि आपल्या मताखाली तिसरा. ज्या वाक्याखाली कोणताच रंग देता येत नाही, ते वाक्य संशयास्पद मानावे. उदाहरणार्थ, "2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह काळाराम मंदिरात प्रवेश केला" हे वाक्य कानाला खटकत नाही. ते भाषणांत चालून जाते आणि तसेच अंकात उतरते. परंतु त्या दिवशी दरवाजे बंद होते आणि प्रवेश झालाच नाही. हे वाक्य असे लिहावे : "2 मार्च 1930 रोजी निघालेली मिरवणूक मंदिरापाशी पोहोचली तेव्हा दरवाजे बंद होते, दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रहींनी चारही दरवाजांवर ठाण मांडले." दुसऱ्या वाक्यात विजय नाही, पण लढा इतका लांबला का, ते वाचकाला त्यातूनच कळू लागते. मिरवणुकीतील लोकांसाठी चरित्रग्रंथांत सुमारे 15,000 असा आकडा येतो. तो देताना "सुमारे" हा शब्द आणि आकड्याचा आधार दोन्ही सोबत ठेवावेत.

अशा तपासणीत नाशिककरांना स्वतःच्या गावाच्या माहितीचा मोठा उपयोग होतो. मंदिराच्या रथोत्सवाच्या वेळी झालेल्या संघर्षाची तारीख 9 एप्रिल 1930 अशी मिळते आणि पुष्कळ लेखांत त्यापुढे सरळ "रामनवमीच्या दिवशी" असे लिहिलेले असते. पंचवटीत वाढलेल्या कोणालाही विचारले तर तो सांगेल की रामरथ आणि गरुडरथ निघतात ते रामनवमीला नव्हे, कामदा एकादशीला. हा दोन दिवसांचा फरक किरकोळ वाटेल, पण रथ ओढण्यावरून सत्याग्रही आणि त्यांना विरोध करणारे सनातनी यांच्यात आधी समझोता झाला होता आणि मग तो मोडून दगडफेक झाली. हा क्रम नीट सांगायचा तर उत्सवातील दिवस बरोबर हवेत.

आधारांची यादी करताना एक अडचण ध्यानात घ्यावी. "बहिष्कृत भारत" 1929 मध्ये बंद पडले होते आणि "जनता" 24 नोव्हेंबर 1930 रोजी सुरू झाले. म्हणजे सत्याग्रहाच्या पहिल्या महिन्यांत बाबासाहेबांच्या या दोन वृत्तपत्रांपैकी कोणतेही निघत नव्हते. एखाद्या लेखाखाली "बहिष्कृत भारत, मार्च 1930" असा आधार दिसला तर तो काढून टाकावा आणि लेख देणाऱ्याला ही माहिती कुठून मिळाली, ते विचारावे. या काळासाठी महाराष्ट्र शासनाने काढलेल्या आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या 17व्या खंडाचा पहिला भाग आधी पाहावा. प्रशासनाची कागदपत्रे वाचताना मात्र ती लिहिणाऱ्याला शांततेची काळजी होती, न्यायाची नव्हे, हे विसरू नये. त्या मार्चमध्ये इतर वृत्तपत्रांचे लक्ष कुठे होते, याचाही अंदाज बांधता येतो : 12 मार्चला दांडीयात्रा निघाली.

यापुढचा प्रश्न माणसांचा. वर्षभरात ज्यांची नावे छापली, त्यांची यादी करावी आणि त्यात स्त्रिया किती, ते मोजावे. दरवाजांवर बसलेल्या पहिल्या तुकडीत 125 पुरुषांबरोबर 25 स्त्रिया होत्या असे सांगितले जाते. आपल्या यादीत त्यांच्यापैकी एकही नसेल, तर जिल्ह्यातल्या गावांत जाऊन घराघरांतल्या आठवणी विचारण्यावाचून गत्यंतर नाही. आता भेटतात ती नातवंडे, पणतवंडे. म्हणून "माझी आजी सत्याग्रहात होती" असे कोणी सांगितले, तर आजीने नेमके काय सांगितले आणि घरातल्यांनी मागाहून काय जोडले, हे प्रेमाने पण वेगवेगळे विचारावे. सांगणाऱ्या मावशी किंवा काका जसे बोलले तसेच उतरवावे, त्यांच्या तोंडी ग्रंथांतली वाक्ये घालू नयेत, आणि मजकूर फलकावर लावण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवावा. नाव छापू नका असे कोणी म्हटले तर कारण न विचारता ते वगळावे. गावात आडनावावरून काय काय ओळखले जाते, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

भाषेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. "ऐतिहासिक", "क्रांतिकारी", "धगधगते" ही विशेषणे एका अंकातून खोडून पाहावीत. मजकूर उघडा पडला, तर त्यात माहितीच कमी होती असे समजावे.

सापडलेल्या चुका गुपचूप दुरुस्त न करता नव्या सत्राच्या पहिल्याच अंकात, जुने वाक्य आणि नवे वाक्य शेजारी शेजारी ठेवून, आधारासह लावाव्यात. नव्या मंडळाला चार गोष्टी सोपवाव्यात : सर्व अंकांचा गठ्ठा, आधारांची वही, ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांच्या परवानगीच्या चिठ्ठ्या आणि तो सहा वर्षांचा कागद. चिठ्ठ्या बंद लिफाफ्यात, विभागातील ज्या शिक्षकांवर मंडळाचा विश्वास आहे त्यांच्याकडे ठेवाव्यात, कारण वह्या हातोहात फिरतात आणि त्या चिठ्ठ्यांवर लोकांचे पत्ते असतात.