काळ्या दगडाच्या गोठ्याला रंग टिकत नव्हता, त्याचा उपाय
मुरबाडजवळच्या आमच्या जुन्या गोठ्याच्या भिंती ओबडधोबड काळ्या दगडाच्या. रंग दिला की पहिल्याच पावसात पोपडे आणि पोपड्यामागे पांढरी, खारट भुकटी. दोनदा प्लास्टिक पेंट, एकदा पुट्टी. पैसे अक्षरशः जमिनीवर सांडले. दगडांमधल्या सांध्यांतून ओल बाहेर यायची आणि रंगाचा पापुद्रा ती अडवायचा.

मागच्या डिसेंबरात सगळा रंग खरवडला. क्षार तारेच्या ब्रशने कोरडेच झाडले. पाणी मारलं की ते विरघळून परत आत मुरतात. सांध्यांतलं सिमेंट छिन्नीने काढून 1 भाग चुना, 3 भाग वाळू भरली, आठवडाभर ओलं गोणपाट लावलं. कळीचा चुना लोखंडी पिंपात विझवला. चुना पाण्यात थोडा थोडा टाकायचा, उलट नाही. भसाभस उकळतो, डोळ्यांना चष्मा हवाच. आठ दिवसांनी फडक्यातून गाळून दुधाइतका पातळ केला. भिंत ओलसर करून कुंचल्याने खाचाखाचांत कोंबला. ओला असताना दगड काळाच दिसतो. घाबरून जाड हात मारू नका, तडकतो. वाळता वाळता पांढरा होतो. दिवसाआड चार हात दिले.

पावसाळा गेला. टेकलं तर सदऱ्याला चुना लागतो, पण पोपडा एकही नाही.