निफाडच्या थंडीत अंगणात काँक्रीट टाकताना

डिसेंबर-जानेवारीत निफाडला पहाटे पारा 5-6 अंशांवर येतो, कधी त्याहूनही खाली. 5 अंशांखाली काम कसं करायचं, ते आयएस 7861 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात आहे. पण आपल्याकडे माल (ओलं काँक्रीट) गोठून फुटण्याची वेळ क्वचितच येते. काम बिघडतं ते घाईने. तापमान 10 अंशांनी उतरलं की माल आवळायला (घट्ट व्हायला) साधारण दुप्पट वेळ लागतो, आणि गवंडी मात्र मे महिन्याच्याच हिशेबाने रंधा (पृष्ठभाग घोटायची फळी) फिरवतो.

10 बाय 10 फूट, 4 इंच जाडीच्या अंगणाला 1:1.5:3 प्रमाणात 8 गोण्या सिमेंट, 14 घनफूट वाळू आणि 28 घनफूट 20 मिमी खडी लागते. सिमेंट ओपीसी (साधं पोर्टलँड) घ्या. पीपीसीतल्या (राख मिसळलेल्या सिमेंटमधल्या) राखेमुळे सुरुवातीची ताकद थंडीत फारच हळू येते. गोणीमागे पाणी 25 लिटर, त्याहून जास्त नको. वाळू रात्री उघडी राहिली तर दवाने भिजते, आणि तेही पाणी या 25 लिटरमध्येच धरायचं. म्हणून संध्याकाळीच ताडपत्री टाकावी.

माल कोमट हवा असेल तर पाणी तापवा. खडी तापवत बसू नका. तेवढ्याच वजनाच्या खडीपेक्षा पाणी चार-पाच पट उष्णता धरतं. 60 अंशांपर्यंत पुरे. मिक्सरमध्ये आधी खडी, वाळू आणि गरम पाणी फिरवा, मग सिमेंट घाला. उकळतं पाणी थेट सिमेंटवर पडलं तर माल तिथेच आवळतो.

मुरुमावर ऊन आलं की दहाच्या सुमारास सुरुवात करा आणि एकपर्यंत संपवा, म्हणजे रात्रीआधी माल थोडा तरी धरतो.

लेव्हल झाल्यावर थांबायचं. वर पाणी चकाकतंय तोवर रंधा लावू नका. बूट ठेवून पाहा: ठसा 5-6 मिमीच उठला आणि त्यात पाणी आलं नाही, तर वेळ झाली. थंडीत याला संध्याकाळही होते, दिव्याची सोय ठेवा. कंटाळून कोरडं सिमेंट भुरभुरवतात, तिथेच घोटाळा होतो: पाणी खाली अडकतं आणि वर्षभरात पापुद्रे निघतात. सळई असेल तर मीठ किंवा कॅल्शियम क्लोराइड अजिबात घालू नका, ती गंजते.

रात्री आधी प्लॅस्टिक, त्यावर पेंढा किंवा गोणपाट, वर ताडपत्री. कडा आणि कोपरे आधी गारठतात, तिथे थर दुप्पट करा. द्राक्षबागेत पेटवतात तशी शेकोटी ताडपत्रीच्या आत नको. धुरातल्या कार्बन डायऑक्साइडने ओला पृष्ठभाग भुसभुशीत होतो.

थंडीत ओल दिसते म्हणून पाणी मारणं टाळतात, पण कोरडा वारा ती ओढून नेतो. दुपारी, टाकीतलं उन्हाने कोमट झालेलं पाणी किमान 7 दिवस मारा, 10 दिवस मिळाले तर उत्तम. कडेच्या साच्याच्या पट्ट्या दोन दिवसांनी काढा, चारचाकी 15 दिवस आणू नका.

याच दिवसांत छताचा स्लॅब असेल तर टेकू 7 दिवसांत काढायचा हट्ट सोडा. आयएस 456 या काँक्रीटच्या मानकातली ती मुदत 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याची (दोन आधारांमधल्या अंतराची), ओपीसीची, आणि पारा 15 अंशांखाली न उतरणाऱ्या हवेची आहे.