पोटाची चरबी, पायाची जखम: जाण्याआधीची तयारी

मधुमेहातली पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, आणि कुणीतरी सांगतं की रुग्णाच्याच पोटातली चरबी काढून तिच्यातल्या मूळपेशी (स्टेम सेल) जखमेत सोडतात. खरं आहे ते. लायपोसक्शनमधून, म्हणजे नळीने चरबी ओढून काढताना निघणाऱ्या चरबीत अशा पेशी असतात, हे संशोधक पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवलं. पण आपल्याकडे हा उपचार अजून चाचणीच्या पातळीवरच आहे. म्हणून सगळ्यात आधी सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा आणि तो स्वतः तपासा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या सूचनांप्रमाणे अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. 'पॅकेज' हा शब्द कानावर आला की सरळ उठा. संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी आणून वाचा.

मग पाय. माझ्या सासऱ्यांनी अंगठ्याखालचं कुरूप घरीच ब्लेडने कापलं, तिथून आमचं सुरू झालं. पायात रक्तच पोचत नसेल तर पेशी सोडून उपयोग काय? घोट्याच्या बीपीला दंडाच्या बीपीने भागायचं, उत्तर 0.9 च्या खाली आलं तर रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. गंमत अशी की मधुमेहात वाहिन्या कडक झाल्या की हा आकडा उगाचच चांगला दिसतो, म्हणून पायाच्या बोटाचा दाब आणि डॉप्लरही (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) करायला सांगा. हाडापर्यंत पू गेलाय का, यासाठी एक्स-रे. जखम वर्षानुवर्षांची असेल, कडा वर आलेल्या असतील तर बायोप्सी, कारण जुन्या जखमेत कधीकधी कॅन्सर दडलेला असतो. कॅन्सर पूर्वी होऊन गेला असेल तर तोही लपवू नका. एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या, आणि तंबाखू बंद, मिश्रीसुद्धा.

चरबी पोटातून किंवा मांडीतून काढतात, तीही थोडी. पोट कमी होईल अशी आशा धरू नका. पोटावरची जुनी ऑपरेशनं, हर्निया, भुलीच्या इंजेक्शनची ॲलर्जी, सगळं सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. उपाशी बोलावलं असेल तर सकाळच्या इन्सुलिनचं काय करायचं, ते आदल्या दिवशीच विचारून घ्या.

जखमेचा फोटो दर आठवड्याला, शेजारी मोजपट्टी ठेवून. भरतेय की नाही, ते डोळ्यांना कळत नाही.

पोटावर बारीक छिद्रं पाडतात, त्यांतून एक-दोन दिवस लालसर पाणी झिरपतं. जुनी चादर आणि खाली प्लास्टिक लागेल. समोर बटणं असलेला सैल सदरा आणि पोटाचा पट्टा सोबत घ्या. पायावर भार द्यायचा नाही म्हणतात, तर रात्री संडासपर्यंत जायचं कसं, हे आधीच एकदा करून बघा. आमचा वॉकर दारातून जात नव्हता. ऐन वेळी सुतार बोलावून दार उतरवावं लागलं.