सह्याद्रीतल्या ट्रेक आणि क्लाइंबिंगसाठी अप्रोच शूज कसे निवडावेत

लिंगाणा, तैलबैला किंवा अलंग-मदनचा बेत ठरला की पायात काय घालायचं, यावर ग्रुपमध्ये चर्चा झडतेच. क्लाइंबिंग शूज सॅकमध्ये असतात, पण ते प्रत्यक्ष कातळापुरतेच. त्या घट्ट, वाकड्या बुटांत शंभर पावलंही धड चालवत नाही. पायथ्याच्या गावातून कातळाच्या तळाशी पोचेपर्यंतची चढण, मधलं कारवीचं रान, दगडगोट्यांनी भरलेली नाळ (दोन कड्यांमधली अरुंद घळ) आणि परतताना तीच सगळी उतरण दुसऱ्या बुटांत करावी लागते. अप्रोच शूज नेमके या कामासाठी बनतात. चालायला ते हायकिंग शूजसारखे असतात आणि सोप्या कातळटप्प्यावर पुढच्या बाजूने क्लाइंबिंग शूजसारखी पकड देतात.

मात्र या बुटांचं घडणं-वाढणं झालं ते कॅलिफोर्निया आणि आल्प्सच्या बाजूला. कॅलिफोर्नियात चार्ल्स कोल या क्लाइंबरने १९८५ मध्ये फाइव्ह टेन ही कंपनी काढली आणि तिच्या चिकट रबराच्या बुटांमुळे हा प्रकार क्लाइंबर मंडळींत रुळला. तिथला ग्रॅनाइट खरखरीत आणि बराच काळ कोरडा असतो. आपल्याकडे लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला बेसॉल्ट आहे. दोन कड्यांच्या मधल्या टप्प्यावर मुरूम, भुसभुशीत माती आणि दिवाळीनंतर वाळून निसरडं झालेलं गवत असतं. त्यामुळे परदेशी रिव्ह्यूमध्ये पाच तारे मिळवलेला बूट आपल्या घसाऱ्यावर तुम्हाला थेट बुडावर बसवू शकतो. खाली लिहिलंय ते हे डोक्यात ठेवून.

आधी ठरवा: तुम्हाला ते लागतात का?

हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्या फोटोत छाती दडपतात, पण तिथे पाय ठेवायला कोरीव पायरी आणि हाताला खोबणी आहे. कलावंतीण सुळक्याचंही तसंच. राजगड, तोरणा, कळसूबाई अशा भटकंतीला चांगल्या ग्रिपचे साधे ट्रेकिंग शूज पुरतात. ॲक्शन कंपनीचे ‘ट्रेकिंग’ हे स्वस्तातले बूट घालून आपल्याकडे कित्येकांनी सह्याद्री पालथा घातला आहे, आणि पकडीच्या बाबतीत ते महागड्या बुटांनाही लाजवतात. तुमचे ट्रेक याच जातीचे असतील तर पैसे वाचवा.

अप्रोच शूजचं खरं काम सुरू होतं ते ढाक बहिरीच्या आडव्या वाटेवर, अलंग-मदनच्या कातळटप्प्यांवर किंवा हरिश्चंद्रगडाला बेलपाड्याकडून नळीच्या वाटेने चढताना. इथे बोटभर रुंदीच्या कंगोऱ्यावर बुटाचं टोक टेकवून उभं राहायचं असतं. जाड, मऊ सोलच्या बुटात खाली नक्की काय आहे ते कळतच नाही. तिसरा प्रकार निव्वळ क्लाइंबिंगचा: नागफणी, मोरोशीचा भैरवगड, लिंगाणा. तिथे बरेच जण सोपे टप्पे अप्रोच शूजमध्येच चढतात आणि अवघड जागी क्लाइंबिंग शूज चढवून अप्रोच शूज हार्नेसला (दोर बांधायच्या कमरपट्ट्याला) लटकवतात.

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारात जाणं होत असेल, तर पुढचं वाचा.

सोल उलटा करून बघा

दुकानात बूट हातात आला की आधी तो उलटा करा. रंग, शिलाई, जाहिरातीचं लेबल हे सगळं नंतर.

पंजाच्या टोकाशी, अंगठ्याच्या खाली, रबराचा एक सपाट पट्टा दिसला पाहिजे. त्यावर खाचा नसतात. याला क्लाइंबिंग झोन म्हणतात. कंगोऱ्यावर उभं राहताना रबराचा जितका जास्त भाग दगडाला टेकेल तितकी पकड चांगली, म्हणून तो सपाट ठेवलेला असतो. हा पट्टाच नसेल, तर डब्यावर अप्रोच लिहिलं असलं तरी तो हायकिंग शू समजा.

आता मधला भाग आणि टाच. बऱ्याच अप्रोच शूजना इथे बुटके गोल ठिपके असतात. कोरड्या कातळावर ते झकास चालतात, मुरमावर आणि चिखलात मात्र क्षणात भरून गुळगुळीत होतात. आपल्यासाठी बघायचं ते हे, की टाचेकडच्या खाचा खोल आहेत का आणि त्यांची धार पुढच्या दिशेला आहे का. उतरताना आपण टाच रोवून ब्रेक लावतो, तेव्हा हीच धार मातीत रुतते. टाचेचा मागचा कोपरा गोल घासून टाकल्यासारखा असेल, तर घसाऱ्यावर तो दगा देणार. माझ्या मते सह्याद्रीसाठी पुढे सपाट पट्टा आणि मागे दणकट खाचा हे जोडकाम सर्वांत महत्त्वाचं आहे. या एका गोष्टीवर तडजोड करू नये, बाकी सगळ्यावर करावी.

रबर कसं आहे ते नखाने कळतं. सपाट पट्ट्यावर नख दाबा. चिकट रबर किंचित दबतं आणि अंगठा घासला तर अडखळतो. कडक रबरावर अंगठा सरकन निसटतो. सोलवर पिवळ्या अष्टकोनात व्हायब्रम लिहिलेलं दिसलं की आपण निर्धास्त होतो, पण ती कंपनी वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी रबरं बनवते. त्यांतलं मेगाग्रिप हे ओल्या-कोरड्या दोन्ही दगडांवर चालणारं, तर इड्रोग्रिप खास ओल्यासाठी केलेलं. त्यामुळे कोणतं व्हायब्रम, हे विचारा. जाता जाता, या कंपनीचं नाव व्हिटाले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाच्या नाव-आडनावातून आलं आहे. १९३५ मध्ये आल्प्समध्ये त्याचे सहा साथीदार दगावले. त्याला अपुरी पादत्राणंही कारणीभूत होती, म्हणून त्याने खाचांचा रबरी सोल तयार केला आणि १९३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

चिकट रबराची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: ते लवकर झिजतं. डांबरी रस्त्यावर, जिममध्ये, ऑफिसला हे बूट घालून फिरलात तर वर्षभरात पुढचा पट्टा गोल होतो आणि मग कातळावर त्याचा उपयोग संपतो.

आणि शेवाळ. त्यावर कुठलंच रबर टिकत नाही. दुकानदार काहीही म्हणो, पावसाळ्यात हिरव्या पडलेल्या कातळावर पकड बुटातून येत नाही. तिथे दोर लावायचा किंवा मागे फिरायचं.

वाकवा, पिळा, मग वरचा भाग बघा

बूट दोन्ही हातांत धरून टोक टाचेकडे वाकवा. पंजापाशी वाकला आणि मधे ताठ राहिला तर उत्तम. घडी करता आली तर तो धावण्याचा बूट आहे. बारीक कंगोऱ्यावर तो दुमडेल आणि पोटऱ्या भरून येतील. लाकडासारखा कडक असेल, तर उतारी कातळावर तळवा पूर्ण टेकून चढायला तो निरुपयोगी. मग टॉवेल पिळतात तसा पिळून बघा, फार पिळला जाता कामा नये. सोलमधून बाभळीचा किंवा करवंदीचा काटा आरपार येतो का, हेही या ताठपणावर बरंचसं अवलंबून असतं.

वरचा भाग जाळीचा घ्यावा की चामड्याचा? जाळी हलकी, हवेशीर आणि लवकर वाळणारी, पण नाळेतल्या धारदार दगडांवर फाटते. सुएड चामडं जास्त टिकतं, पायाच्या आकाराप्रमाणे थोडं सैलावतं, मात्र भिजलं की जड होतं आणि दोन दिवस वाळत नाही. मला चामडं बरं वाटतं, कारण आपल्याकडे बुटाची वाट दगड लावतो, उन्हाळा नव्हे. कुठलंही घेतलं तरी सोलच्या वर बुटाभोवती रबराची पट्टी फिरलेली हवी, निदान टोकाशी आणि दोन्ही बाजूंना. फटीत पाय अडकवून चढताना तीच घासली जाते.

लेस थेट बोटांपर्यंत गेलेली असावी. चालताना पुढची बाजू सैल सोडायची आणि कातळ आला की आवळायची, ही सोय त्यामुळे मिळते. टाचेमागे मजबूत लूप आहे का ते ओढून बघा, कारण कॅराबिनरमध्ये (उघड-बंद होणाऱ्या धातूच्या कडीत) अडकवून बूट हार्नेसला लटकणार ते त्याच्याच भरवशावर. जोडीचं वजन बहुतेक मॉडेलांत ६०० ते ९०० ग्रॅमच्या आसपास असतं. बूट लटकवून चढणाऱ्याने हलक्याकडे झुकावं. बाकीच्यांनी शंभरेक ग्रॅमसाठी रात्रीची झोप उडवून घेऊ नये.

घोट्यापर्यंत उंच की आखूड, यावर वाद घालणारे घालतात. पाठीवर जड सॅक आणि घोटा आधी मुरगळलेला असेल तर उंच घ्या. नाहीतर आखूडच, पाय मोकळा वळतो.

माप: दुकानात अर्धा तास तरी घाला

संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि ट्रेकवर तर सुजतातच. ट्रेकला जे मोजे घालता तेच घेऊन जा, दुकानातले पातळ मोजे नकोत.

आतला इनसोल काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाय कडेने बाहेर सांडत असेल तर तो साचाच तुमचा नाही, नंबर वाढवून उपयोग होत नाही. युरोपियन ब्रँड बऱ्याचदा अरुंद असतात आणि आपल्यातल्या अनेकांचे पंजे रुंद, त्यामुळे इथे बरेच जण अडतात. एक नंबर मोठा घेतला की टाच उचलली जाते आणि फोड येतात. त्यापेक्षा दुसरं मॉडेल बघावं.

मग दोन्ही बूट घालून नीट बांधा. दोन्ही, कारण एक पाय सहसा किंचित मोठा असतो, आणि माप त्याचंच धरायचं. बोटांपुढे थोडी मोकळी जागा हवी, पण साध्या ट्रेकिंग शूजइतकी नको. टोकावर उभं राहायचं असल्याने बोटं टोकाच्या बऱ्यापैकी जवळ असावी लागतात. याची खरी परीक्षा उतारावर. दुकानात तिरकी फळी असेल तर तिच्यावरून, नाहीतर जिन्यावरून भरभर उतरा. अंगठा पुढे आदळला की बूट नापास. लिंगाण्यावरून परतताना काळं पडलेलं नख महिनोन्‌महिने आठवण देत राहतं. त्यानंतर जिन्याच्या पायरीच्या कडेवर फक्त अंगठ्याजवळचा सपाट पट्टा टेकवा, कठड्याला हात लावून त्या एका पायावर उभे राहा आणि सावकाश वीस अंक मोजा. बुटाच्या आत पाय फिरला किंवा टाच वर निसटली, तर कातळावरही तेच होणार.

ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची सोय बघूनच घ्या आणि हे सगळे प्रयोग घरात, स्वच्छ फरशीवर करा. परदेशी ब्रँडचा बूट म्हणजे किंमत बहुधा पाच आकडी, आणि धूळ लागलेला बूट कोणी परत घेत नाही.

वॉटरप्रूफ हवा का?

सह्याद्रीसाठी नको. पावसाळ्यात पाणी शिरतं ते वरून, घोट्यापाशी. ओढा गुडघाभर असला की आतला पडदा पाणी बाहेर जाऊ देत नाही, मग बूट दिवसभर पचपचत राहतात. साधा बूट भिजतो, पण चालता चालता निथळतो. ऑक्टोबर ते मे वॉटरप्रूफ बुटात पाय उकडतात ते वेगळंच. बर्फात जाणार असाल, तर गणित बदलतं, पण त्यासाठी वेगळे बूट लागतात.

मोठ्या ट्रेकआधी

नवे बूट घालून थेट अलंगला जाऊ नका. आधी जवळच्या टेकडीवर एक-दोन सकाळी चाला, मग सरावाच्या कातळावर, दोर लावून, या बुटांत सोपे टप्पे चढून बघा. तळवा टेकवून कुठपर्यंत टिकतं आणि कंगोऱ्यावर कुठे निसटतं, हा अंदाज पायाला इथेच येतो. कातळाला पाय लावण्याआधी सोल पँटला घासून पुसायची सवय लावा. धूळ बसलेलं चिकट रबर आणि साधं रबर यांत काही फरक उरत नाही.

ट्रेकहून आल्यावर माती ब्रशने झाडा, पट्टा ओल्या फडक्याने पुसा, इनसोल बाहेर काढा आणि बूट सावलीत वाळवा. गच्चीवरच्या कडक उन्हात किंवा चुलीशेजारी ठेवले की गोंद सैल होतो. वॉशिंग मशीन तर नकोच.

माळ्यावर तीन-चार वर्षं पडून राहिलेले जवळजवळ कोरे बूट ट्रेकच्या पहिल्याच तासात तोंड वासतात, हे अनेकांनी पाहिलं असेल. काही बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असतं. दमट हवेत त्याचं हळूहळू विघटन होतं आणि तो थर भुसा होऊन गळतो. वापरला नाही म्हणून बूट टिकतो असं नाही. जुनी जोडी काढली की सोल दोन्ही हातांनी ओढा, मधला थर नखाने खरवडा आणि भुगा हाताला लागला तर ती घरीच ठेवा.

सोल नुसता कडेने सुटत असेल तर चांगल्या मोच्याकडून गोंद लावून चौफेर शिवून घ्या. मात्र पुढच्या सपाट पट्ट्यावर टाके येऊ देऊ नका, दगडावर घासून ते आधी तुटतील. सॅकमध्ये जादा लेस आणि पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेली दोन हात चिकटपट्टी ठेवा. वाटेत सोल सुटलाच तर तो पंजापाशी आणि कमानीपाशी लेसने आवळून बांधा, वरून चिकटपट्टी फिरवा आणि सोप्या वाटेने गावात उतरा. त्या बुटात कातळटप्पा करायचा नाही, दोर असला तरीही.