बर्फाच्या मशीनचं बूच

ओट्यावरचं बर्फाचं मशीन म्हणजे छोटा फ्रीजच, असं मी बरेच महिने धरून चालले होते. तसं ते नाही. बर्फ पडतो ती टोपली गार ठेवलेली नसते. गोळे हळूहळू वितळतात, पाणी खालच्या टाकीत उतरतं आणि त्याच पाण्याचे पुन्हा गोळे होतात. टाकीत परवाचं पाणी असेल तर आजच्या सरबतातही परवाचंच.

हे डोक्यात शिरलं ते आठ दिवस बाहेरगावी राहून परतल्यावर. टाकीच्या कडेला गुलाबी, बुळबुळीत थर! आधी वाटलं, कुणी सरबत सांडलं. ते होते जिवाणू, आणि गोठवल्याने ते सगळे मरत नाहीत. आता रात्री बर्फ काढला की तळाचं बूच उघडते, पाणी सोडते, आतून कोरड्या फडक्याने पुसते आणि झाकण उघडंच ठेवते. पुढचं सगळं विसरलात तरी एक वेळ चालेल, एवढं चुकवू नका.

गोळे बारीक किंवा फुटके पडायला लागले, की बहुधा क्षार साचलेले असतात. (सुरुवातीचे एकदोन घाणे मात्र लहानच येतात, पाणी अजून गार झालेलं नसतं.) एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व विरघळवून टाकीत ओता, दोनतीन घाणे बर्फ काढून फेकून द्या, मग साध्या पाण्याने तीनदा तेच करा. ब्लीच मात्र यात कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. गार होणाऱ्या नळ्यांना तारेची घासणी नको, मुलामा खरवडला जातो. आणि कोळशाच्या फिल्टरवर विसंबू नका. त्याने वास जातो, क्षार तसेच राहतात.

मशीन बाजूच्या जाळीतून गरम हवा बाहेर टाकतं, म्हणून भोवती वीतभर जागा सोडा आणि जाळीवरची धूळ ब्रशने काढा. आडवं करून आणलं असेल तर दिवसभर उभं ठेवून मगच सुरू करा. कॉम्प्रेसरचं तेल जागेवर बसावं लागतं.

टोपली रिकामी असूनही ‘भरली’चा दिवा लागला, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी टोपलीवरचा सेन्सर ओल्या फडक्याने पुसून बघा. माझ्याकडे आलेल्या मेकॅनिकनेही तेवढंच केलं होतं.